कार्ब साफ केला की आठ दिवस बरं, मग परत तेच! इथेनॉलवाल्या पेट्रोलचं दुखणं शोधायचं कुठे?

प्रॉब्लेम असा आहे. गाडी म्हणा, जनरेटर म्हणा, गवत कापायचं मशीन म्हणा, दोन-तीन आठवडे उभं राहिलं की नीट चालू होत नाही. चोक देऊन दहा-पंधरा वेळा ओढलं की कसंबसं पेटतं, चोक काढला की आचके देत बंद पडतं, रेस दिली तर उचलायच्या ऐवजी घुसमटतं. कार्बोरेटर (म्हणजे कार्ब, हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) उघडायचा, जेट (त्यातला बारीक भोकाचा पितळी तुकडा) काढून हवा मारायची, परत जोडायचा, मशीन एकदम मस्त. आणि पंधरा दिवसांनी परत तेच रडगाणं. माझ्या जनरेटरवर मी हे चार वेळा केलंय, चौथ्या वेळी तर कार्बच बदलून टाकला, नवाकोरा, आणि तोही तीन आठवड्यांत तसाच झाला, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की आपण दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला देतोय. कार्बमध्ये जो कचरा सापडत होता तो बराचसा वरून टाकीतून येत होता. कार्ब सगळ्यात खाली आणि त्याची भोकं सगळ्यात बारीक, म्हणून तिथे अडकत होता इतकंच.

त्यामुळे या पोस्टचा सगळा मुद्दा एवढाच आहे की अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलचा त्रास वारंवार होत असेल तर टाकीपासून खाली यायचं, कार्बपासून वर जायचं नाही. आणि आधी नेमकं कुठलं दुखणं आहे ते ओळखायचं. कारण दुखणी चार वेगवेगळी आहेत (पाणी, मिश्रण पातळ होणं, रबर-धातू खराब होणं आणि पेट्रोल शिळं होणं) पण लक्षणं जवळपास सारखीच, आणि उपाय मात्र चारीचे वेगळे.

त्याआधी एक सांगतो, इथेनॉल म्हणजे इंजिनला विष वगैरे जे बोललं जातं ते मला पटत नाही. ब्राझीलमध्ये वर्षानुवर्षं साध्या पेट्रोलमध्येच २० टक्क्यांच्या वर इथेनॉल असतं आणि निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्या तिथे १९७९ पासून आहेत. इंजिन त्या इंधनासाठी बनवलेलं असेल तर काही होत नाही. भानगड होते ती जुन्या इंजिनात, आणि त्याहून जास्त महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या इंजिनात. रोज चालणाऱ्या गाडीत हे पेट्रोल आलं आणि गेलं, त्याला काही करायला वेळच मिळत नाही.

आता पाणी. इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पुढचं माहीत नसतं. साध्या पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळत नाही, थेंब पडला तर तळाशी जाऊन बसतो. १० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये मात्र साधारण १५ अंश तापमानाला लिटरमागे ५ मिली, म्हणजे एक छोटा चमचा पाणी विरघळून राहू शकतं आणि तेवढं पाणी इंजिनातून जळून निघून जातं, कळतही नाही. म्हणजे तिथपर्यंत इथेनॉल फायद्याचंच आहे. पण त्या मर्यादेच्या वर एक थेंब गेला किंवा रात्री तापमान उतरलं (थंडीत ही मर्यादा कमी होते) की सगळं मिश्रण फाटतं. दूध नासतं तसंच समजा. फक्त पाणी वेगळं होत नाही, पाणी खाली बसताना आपल्याबरोबर बरंचसं इथेनॉल ओढून घेऊन जातं. खाली पाणी-इथेनॉलचा एक जाड थर, वर इथेनॉल निघून गेलेलं पेट्रोल. इथेनॉलमुळे ऑक्टेन (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकू नये याचा अंक) वाढलेलं असतं, ते गेल्यावर वरच्या पेट्रोलचं ऑक्टेनही दोन-तीन अंकांनी उतरतं. आणि पेट्रोलची नळी तळाच्या जवळून ओढत असेल तर इंजिनला पहिला घोट जातो तो खालच्या थराचा, त्यावर ते धड पेटतही नाही.

हे झालंय का ते बघायला एक पैसा लागत नाही. कार्बच्या बाऊलला (पेट्रोल साठतं ती खालची वाटी) खाली ड्रेनचा स्क्रू असतो तो सैल करून पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्या, मग टाकीच्या अगदी तळातलं पेट्रोल दुसऱ्या बाटलीत घ्या, आणि दोन्ही अर्धा तास न हलवता ठेवून द्या. आडवी रेघ दिसली तर फाटलंय. गढूळ, दुधी दिसत असेल तर फाटायच्या बेतात आहे. कधी कधी दोन्ही थर सारखेच स्वच्छ असतात आणि रेघ पटकन दिसत नाही, तेव्हा बाटली तिरकी करून उजेडासमोर धरायची. तरी शंका असेल तर वरून पाण्याचा एक थेंब सोडा. बाटलीच्या तळाशी जाऊन गोळी होऊन फिरत बसला तर ते पेट्रोल आहे, खाली पोचल्यावर मिसळून गायब झाला तर तो तळचा थर पाण्याचा आहे. (हे सगळं उघड्यावर, बिडी-सिगारेट लांब ठेवून. सांगायची गरज नसावी पण मी माणसं बघितलीत.)

बाईकवाल्यांसाठी याहून सोपी खूण आहे. मेनवर गाडी बरी चालते आणि कॉक रिझर्व्हवर केला की मिनिटाभरात मिसिंग करायला लागते, असं असेल तर बाटलीबिटलीची पण गरज नाही. मेनची नळी टाकीत उंच असते, रिझर्व्हची वाट तळातून असते. तळात काय बसलंय ते गाडी स्वतःच सांगतेय.

मग हे पाणी येतं कुठून? लोक म्हणतात हवेतला ओलावा शोषून घेतं. घेतं, पण हिशोब करून बघा. दहा लिटरची टाकी अर्धी भरलेली, वर पाच लिटर हवा. ३० अंशाला अगदी पूर्ण दमट हवेतही एका घनमीटरमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, म्हणजे पाच लिटर हवेत ०.१५ ग्रॅम, दोन-तीन थेंब. पाच लिटर पेट्रोल फाटायला लागतं २५ मिली. म्हणजे टाकीतली सगळीच्या सगळी हवा दीडशेच्या वर वेळा बदलायला हवी आणि प्रत्येक वेळी तिच्यातलं सगळं पाणी पेट्रोलने प्यायला हवं. दिवस-रात्रीच्या तापमानाने टाकी जो श्वास घेते तो यातला अगदी थोडा हिस्सा असतो. तेव्हा बाटलीत बोटभर थर दिसला तर हवेला दोष देऊ नका, झाकणाचं रबर बघा, झाकणावरची हवेची बारीक वाट बघा, पाऊस किंवा धुण्याचं पाणी झाकणाच्या खाचेत साचून ड्रेनची नळी तुंबलीय का बघा, किंवा ज्या कॅनमधून पेट्रोल ओतलं तो कॅन बघा. क्वचित पेट्रोल भरतानाच पाणी धरून आलेलं असतं, म्हणजे आधीच काठावर, मग गार रात्र मिळाली की फाटतं.

फाटलेलं पेट्रोल परत जुळत नाही. गाडी हलवून नाही, वर नवीन पेट्रोल ओतून भरवशाने नाही, आणि बाटलीतून मिळणाऱ्या "पाणी शोषणाऱ्या" औषधाने तर नाहीच. त्या औषधांमध्ये बऱ्याचदा मुळात अल्कोहोलच असतं, म्हणजे इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये अजून अल्कोहोल. उपाय एकच, सगळं काढायचं, टाकी कोरडी करायची, मग नवीन भरायचं. काढलेलं गटारात किंवा मातीत ओतू नका.

टू-स्ट्रोकवाल्यांनी हे जरा जास्त मनावर घ्या. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑईल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, खालच्या पाणी-इथेनॉलच्या थरात ते जवळजवळ नसतंच. तो खालचा थर इंजिनात गेला आणि इंजिन दुर्दैवाने चालूच राहिलं तर पिस्टनला ऑईल नाही आणि मिश्रणही पातळ, दोन मिनिटांत सीज, म्हणजे पिस्टन जाम. चेन सॉ किंवा ब्रश कटर असा जातो आणि लोक ऑईलच्या ब्रँडला शिव्या घालत बसतात.

आता दुसरं दुखणं, मिश्रण पातळ होणं, म्हणजे मेकॅनिक ज्याला "लीन" म्हणतात ते. इथे पाणी नसतं, पेट्रोल ताजं असतं, तरी इंजिन नाटकं करतं. कारण इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन आहे, वजनाने जवळजवळ ३५ टक्के. जळायला लागणारी थोडी हवा ते स्वतःच घेऊन येतं. साध्या पेट्रोलला वजनाने १ भागाला १४.७ भाग हवा लागते, निव्वळ इथेनॉलला फक्त ९. १० टक्के मिश्रणाला साधारण १४.१ आणि २० टक्क्यांना १३.५ च्या आसपास. कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही, तो बिचारा जेटच्या भोकाएवढं पेट्रोल सोडतो, कालही तेवढंच आणि आजही तेवढंच. साध्या पेट्रोलवर सेट केलेल्या कार्बमध्ये १० टक्केवालं टाकलं की मिश्रण सुमारे ४ टक्के पातळ, २० टक्केवालं टाकलं की ८ टक्के. आता ज्या इंजिनचा कार्ब जरा सढळ हाताने सेट केलेला होता त्याला हे कळतही नाही, उलट बरं चालतं. पण धूर कमी व्हावा म्हणून कंपनीतूनच काठावर पातळ ठेवलेले कार्ब असतात, लहान जनरेटर आणि बागकामाची मशीनं बहुतेक त्यातलीच, त्यांचा तोल लगेच जातो.

ओळखायचं कसं? जनरेटरमध्ये लोड नसताना आवाज वर-खाली, वर-खाली होत राहतो, एका लयीत. गव्हर्नर (वेग सारखा ठेवणारा भाग) थ्रॉटल उघडतो, मग बंद करतो, परत उघडतो. चोक थोडा ओढला की हे थांबतं. चोकने सुधारलं म्हणजे मिश्रण पातळ होतं, याहून स्वस्त टेस्ट नाही. बाईकमध्ये रेस सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट, उतारावर जास्त. चेन सॉसारख्या मशीनमध्ये आयडल (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) वाढतो आणि क्लच धरून साखळी आपोआप फिरायला लागते, हे तर धोकादायकच आहे, आयडलचा स्क्रू लगेच कमी करा.

प्लगचा रंग बघून सांगणारे भेटतील. प्लग पांढरा म्हणजे लीन, हे साध्या पेट्रोलच्या जमान्यातलं ज्ञान. इथेनॉलवालं पेट्रोल काजळी कमी करतं म्हणून प्लग तसाही फिकट दिसतो. मी रंगावर भरवसा ठेवत नाही, चोकच्या टेस्टवर ठेवतो.

पण जेट मोठा करायच्या आधी दोन गोष्टी. एक, पातळ मिश्रण म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त, आणि हवा जास्त व्हायला इनटेकचं रबर तडकलेलं असलं तरी पुरतं. आयडलवर असताना त्या रबराच्या जोडावर साबणाचं पाणी फवारा, रेस बदलली तर तिथून हवा खेचतंय, ते आधी बदला. दोन, पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारा) अर्धवट तुंबलेला असला तरी हुबेहूब हेच लक्षण. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असतं, उजेडासमोर धरून गोल दिसतंय का बघा, चंद्रकोर दिसली तर साफ नाही झालेला. आणि तारेने कोरू नका हो! पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मग खरंच जेट बदलावा लागतो.

हे दोन्ही ठीक असेल तर आधी एअर स्क्रू किंवा मिक्श्चर स्क्रूने अर्धा फेरा घट्ट मिश्रणाकडे, म्हणजे पेट्रोल जास्त होईल तिकडे, नेऊन बघा. (स्क्रू एअर क्लीनरच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर मिश्रण घट्ट होतं, इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर. इथे निम्मे लोक उलटं फिरवतात, मी पण फिरवलंय.) आयडलचं भागतं एवढ्यावर. फुल थ्रॉटलला ओढत नसेल तर मेन जेट. ज्या कार्बच्या जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो तिथे हिशोब सोपा आहे, पेट्रोल ८ टक्के जास्त हवं तर व्यास फक्त ४ टक्के वाढवायचा, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. म्हणजे १०० चा जेट असेल तर १०४ किंवा १०५. लोक एकदम ११५ टाकतात आणि मग काळा धूर निघतो म्हणून इथेनॉलच्या नावाने खडे फोडतात.

आणि हो, पेट्रोलमध्ये खरोखर किती इथेनॉल आहे हेच माहीत नसेल तर मोजता येतं. १०० मिलीची उभी काचेची मोजपट्टीवाली नळी घ्या, त्यात १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल. बूच लावून हलवा, मधे मधे बूच उघडून वाफ सोडा नाहीतर उडेल, मग दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं. खालची रेघ १० वरून १९ वर आली तर ९ मिली इथेनॉल, म्हणजे १० टक्के. २८ वर आली तर २० टक्के. एक-दोन टक्के इकडेतिकडे होतं, पण १० आहे की २० एवढं नक्की कळतं. पाण्यात खायच्या रंगाचा थेंब टाकला तर रेघ छान दिसते, रंग पेट्रोलमध्ये चढत नाही. आणि टेस्ट झालेलं पेट्रोल परत टाकीत ओतायचं नाही, त्यात पाणी गेलंय.

इंजेक्शनवाल्या गाड्यांना हे सगळं लागत नाही, तिथे ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरमधला ऑक्सिजन बघतो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो. पण तिथेही वारंवार चेक इंजिनची लाईट आणि पी ०१७१ कोड, म्हणजे मिश्रण पातळ, येत असेल तर कोड पुसून गप्प बसू नका. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू कायम किती टक्के पेट्रोल वाढवतोय तो आकडा. साध्या पेट्रोलवर ट्यून केलेल्या गाडीत १० टक्के इथेनॉलने ट्रिम साधारण ४ ने वाढायला हवा, २० टक्क्यांनी ८ ने, आणि आयडलला आणि २५०० आरपीएमला जवळपास सारखाच. आयडलला खूप जास्त आणि रेस वाढवल्यावर कमी होत असेल तर कुठूनतरी हवा खेचतेय. उलट, लोड वाढला की ट्रिम वाढत जात असेल तर फिल्टर तुंबलाय किंवा पंप दमलाय. दोन्हीत इथेनॉल निर्दोष. ईसीयूला पेट्रोल वाढवायची मर्यादा असते, आधीच १५ ची गळती असलेल्या गाडीत इथेनॉलचे ८ चढले की लाईट लागते, आणि मग वाटतं पेट्रोलमुळेच झालं. म्हणून साध्या गाडीत ८५ टक्केवालं कधीच टाकायचं नाही, त्याला घनफळाने ३० ते ४० टक्के जास्त इंधन लागतं, तेवढं कुठलाच साधा ईसीयू भरून काढत नाही.

ॲव्हरेजचं पण इथेच सांगून टाकतो. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे १० टक्क्यांना ॲव्हरेज ३-४ टक्के पडेल, २० टक्क्यांना ६-७. चाळीसचं सदतीस झालं तर समजू शकतो. चाळीसचं तीस झालं असेल तर ब्रेक घासतोय का ते बघा.

रबर आणि धातूचं दुखणं हळू येतं पण चिवट असतं. फर्निचरवाले चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतात ना, ते स्पिरिट म्हणजे हेच अल्कोहोल. खूप जुन्या इंजिनात बुचाच्या लाकडाचे फ्लोट (बाऊलमध्ये तरंगून पेट्रोलची पातळी राखणारे) असायचे, त्यांना चपड्याचाच लेप असायचा, तो इथेनॉलमध्ये सरळ विरघळतो, फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतो आणि बाऊल ओव्हरफ्लो. टाकीला आतून गंजरोधक कोटिंग मारलेलं असेल तर काही जुन्या प्रकारची कोटिंगं तशीच सोलून निघतात आणि कापट्या कॉकमध्ये. फायबरच्या जुन्या टाक्या मऊ पडतात. आणि इथेनॉल स्वतः चांगला सॉल्व्हंट आहे, वर्षानुवर्षं टाकीत चिकटलेला चिकट थर सुटतो, म्हणून जुन्या गाडीत इथेनॉलवालं पेट्रोल सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन टाक्यांत फिल्टर तुंबणारच, तो एक-दोनदा बदलायचा आणि शांत राहायचं.

जुन्या रबराची गंमत अशी की आधी फुगतं, मग वाळलं की आक्रसतं आणि तडकतं. बाऊलची ओ-रिंग काढली की परत खाचेत बसत नाही, लांब झालेली असते, हा अनुभव घेतला असेल तर घाबरू नका, रात्रभर उघड्यावर वाळू द्या, सकाळी बरीचशी आक्रसून बसते. पण ती नवीन घ्यायची वेळ झालीय असंच समजा. नीडलचं (बाऊलमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) रबरी टोक फुगलं तर पेट्रोल कमी येतं, चिरलं तर ओव्हरफ्लो होतं. घेताना व्हायटॉन (इथेनॉल सोसणारं रबर) मागा. पाईप घेताना त्याच्यावर छापलेलं वाचा, एसएई ३० आर ९ लिहिलेलं असेल तर आतलं अस्तर इथेनॉल सोसणारं असतं. काहीच छापलेलं नाही असा चकचकीत पारदर्शक पाईप दिसायला छान असतो, वर्षभरात दगडासारखा कडक होतो आणि टोकाला चिरतो. डायफ्रॅमवाल्या कार्बमध्ये (ब्रश कटर वगैरे) डायफ्रॅम (पेट्रोल ओढणारा पातळ पडदा) हाताने दाबून बघा, कागदासारखा करकरला तर तो पंप करतच नाही, कितीही साफसफाई केली तरी.

बाऊलमध्ये पांढरी पावडर दिसली तर ती जस्त किंवा ॲल्युमिनियमची झीज आहे, पितळावर हिरवट दिसेल. दोन्ही दिसलं की मी परत पाण्याकडेच जातो, कारण कोरड्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने एवढं होत नाही, पाणी असलं की होतं.

गरम हवेत चालू गाडी थांबवली आणि दहा मिनिटांनी पेटेना, गार झाल्यावर पेटली, हा प्रकार वेगळा. निव्वळ इथेनॉलची वाफ पेट्रोलपेक्षा कमी होते, पण पेट्रोलमध्ये थोडंसं मिसळलं की उलटं होतं, मिश्रणाची वाफ जास्त होते, ५ ते १० टक्क्यांच्या आसपास सगळ्यात जास्त. पाईप इंजिनच्या जवळून जात असेल तर लांबून फिरवा, कार्बखालचा जाड इन्सुलेटर जागेवर आहे का बघा. थंडीत बरोबर उलटा त्रास, इथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं, म्हणून जास्त टक्केवारी असेल तर गार इंजिन चालू व्हायला कुरकुरतं. ब्राझीलच्या जुन्या इथेनॉल गाड्यांत फक्त चालू करण्यापुरती साध्या पेट्रोलची एक छोटी टाकी वेगळी असायची.

मिथेनॉलचा विचारही करू नका, स्वस्त पडतं म्हणून कोणी सुचवलं तरी. त्यात पेट्रोलच्या निम्मी ऊर्जा, ॲल्युमिनियम खातं, विषारी आहे, कातडीतूनही अंगात जातं, आणि पेट घेतला तर भर उन्हात ज्वाळा दिसतही नाही.

उभ्या राहणाऱ्या मशीनचं मी आता काय करतो ते सांगतो. महिन्याच्या आत परत चालवायचं असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवतो, वर हवाच नाही तर घाम यायला जागाच नाही. त्याहून जास्त असेल तर टाकी पूर्ण रिकामी, मग कॉक बंद करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, आणि शेवटी बाऊलचा ड्रेन उघडायचा, कारण इंजिन बंद पडलं तरी तळाशी चमचाभर उरतंच आणि तो चमचाभरच नंतर सुकून पायलट जेटमध्ये गोंद होऊन बसतो. अर्धी टाकी ठेवणं सगळ्यात वाईट. स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलमध्ये घातला तर पेट्रोल शिळं व्हायला वेळ लागतो, पण शिळं झालेल्याला तो ताजं करत नाही आणि फाटलेल्याला जोडत नाही. पेट्रोलला आंबूस, व्हार्निशसारखा वास आला की ते गेलं, जेट साफ करून परत तेच ओतू नका. मी ओतलं होतं, वाया कशाला घालवायचं म्हणून, आणि तीच माझी दुसरी वेळ होती.

आणि माझ्या जनरेटरचं शेवटी काय निघालं? टाकीच्या झाकणातलं रबर एका बाजूला चपटं होऊन तडकलेलं. मशीन उघड्यावर असायचं, झाकणाच्या वाटीसारख्या खोलगट भागात पाणी साचायचं आणि तिथून थेंब थेंब आत. तळातलं काढलं तर बाटलीत खाली दोन बोटं थर. चार वेळा कार्ब उघडला, एकदा नवीन घेतला, आणि झाकण मी दर वेळी स्वतःच्या हाताने काढून बाजूला ठेवत होतो, उलटं करून एकदाही बघितलं नाही. रबर बदललं, टाकी धुऊन उन्हात वाळवली, पाईप आणि फिल्टर नवीन टाकले, मिक्श्चर स्क्रू पाऊण फेरा सोडला. तेव्हापासून कार्ब उघडलेला नाही. गार असताना पहिला मिनिटभर अजून थोडी वर-खाली करते, तेवढ्यापुरता चोक अर्धा ठेवतो, त्याच्या मागे मी लागलो नाही.